सुईतलं पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो राहिला नाही. आणि जिला अजून सांगता येईल तिच्यासमोर बसले की जीभ जड होते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. हाही भेकडपणाच — नाही का?

माझा दादा नामदेव मूर्तिजापूरला कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला होता. धिप्पाड माणूस. एका हंगामात मशीनच्या पट्ट्यात त्याची बाही अडकली आणि पट्ट्यानं हात आत ओढला. बघणारे सांगायचे, मशीनचा आवाजच बदलला. पांढऱ्या कापसावर रक्ताचा सडा पडला होता. अकोल्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपराच्या वरून कापला आणि काही दिवसांनी त्याला घरी पाठवलं.

घरी आला तो ओरडतच. जो हात उरलाच नव्हता त्याची बोटं जळायची.

"विमल, मुठीत निखारा धरल्यावानी होते वो," म्हणायचा. कुठली मूठ? मी त्या पट्ट्या बांधलेल्या थोटकाकडे बघत राहायची.

मी तेव्हा गावातल्याच एका डॉक्टरांकडे नर्स होते. आम्ही बौद्ध झालो त्यानंतरची ती वर्षं. आमच्या वस्तीत नर्सची पांढरी साडी नेसणारी पहिली पोरगी मी. म्हातारी माणसंसुद्धा मला बघून बाज मोकळी करून द्यायची. डॉक्टरांनी दादाच्या दुखण्यासाठी पेथिडिनची रबरी बुचाची बाटली माझ्या हातात दिली ती याच भरवशावर. म्हणाले, "हे अफूच्या जातकुळीतलं औषध आहे. मी सांगतो तेवढंच द्यायचं, हळूहळू कमी करत न्यायचं, एकदम तोडायचं नाही. यावर दारूचा थेंब नको. आणि दुसऱ्या कोणाला टोचायचं नाही, कोणी कितीही रडलं तरी."

सगळं ऐकलं मी. समजलंही. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

सुरुवात दाढेपासून झाली. दाढ ठणकत होती. एका दुपारी दादाची सुई भरता भरता थोडं औषध मी माझ्याच मांडीत टोचलं. दाढ थांबली — आणि दाढेबरोबर आणखी बरंच काही थांबलं. थकवा, राग, सगळ्यांच्या आधी शिकलेली पोरगी असण्याचं ते ओझं. अंगावर कोणीतरी उबदार पांघरूण घातल्यासारखं वाटलं. पुढच्या आठवड्यात दाढ काढून टाकली. तरी मी टोचत राहिले.

मग बाटली कमी दिसायला नको, म्हणून मी जेवढं काढायची तेवढं उकळलेलं पाणी त्यात भरायची. दर वेळी. बाटलीत औषध कमी, पाणी जास्त होत गेलं.

दादा कळवळायचा. भिंतीवर डोकं आपटायचा. एकदा माझा हात धरून त्यानं सरळच विचारलं, "यात पाणी तं नाही ना वो?"

"मायची आन दादा," मी म्हणाले. माय तेव्हा शेजारच्या खोलीत ज्वारी निवडत होती.

माझ्यावर त्याचा विश्वास बसला. मग संशय कोणावर जाणार? शांता वहिनीवर. ती बिचारी एकदा बोलून गेली होती, की आता सुया पुऱ्या करा, सवय लागंल. तेवढं त्याच्या डोक्यात बसलं.

त्या दिवशी मी त्याला सुई दिली. अर्धा तास झाला तरी त्याची आग थांबेना. तो उठला, कोपऱ्यातलं मुसळ डाव्या हातात घेतलं आणि चुलीपाशी बसलेल्या वहिनीला म्हणाला, "माह्या औषधात काय टाकून राहिली तू? काहून मारतं मले?"

तिला उठायलाही वेळ मिळाला नाही. पहिला घाव खांद्यावर. दुसरा कानावर. ती आडवी पडली, तरी तो मारत होता. कानातून रक्त येऊन भाकरीच्या पिठात मिसळत होतं. आणि मी? मी दारात उभी होते. 'दादा, ती नव्हे, मी' — एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही मी. पण त्यातून शब्द आले ते हे — "धावा वो कोणी! दादाले नशा लागली!"

शेजारचे गडी धावून आले. त्यांनी त्याला खाली पाडलं, छातीवर बसले, लाथा घातल्या. एकाचा पाय त्या कापलेल्या हातावर पडला. तसा आवाज मी जनावराच्या तोंडूनही ऐकलेला नाही. मग त्याला बाजेला बांधलं. डॉक्टर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सांगितलं तेवढंच देत होते. तोच जास्त मागतो." त्यांनी बाटली उचलून नेली.

दादा बांधलेल्या हातानं तळमळत होता, आणि आतल्या खोलीत मी. घाम, ओकाऱ्या, हाडं मोडल्यासारखं अंग. मला ताप आलाय, असं सगळ्यांना वाटलं. डोक्याला पट्टी बांधलेली वहिनी माझ्या उशाशी बसून मला पेज भरवायची. "खा माय," म्हणायची, "तू लई राबली ह्यायच्यासाठी."

पेज मी प्यायले.

वहिनीचा डावा कान गेला तो गेलाच. जिनवाले दादाला चौकीदार ठेवणार होते. नशेबाज म्हणून त्यांनी नाकारलं. पोरं रस्त्यात त्याला सुईवाला म्हणायची. मी पुढे नोकरी धरून अमरावतीला गेले, माझं लग्न झालं, चांगली नर्स म्हणून माझं नाव झालं. ती सुई मी पुन्हा कधी टोचून घेतली नाही. याचं कौतुक मी स्वतःशी कितीदा केलं असेल!

काही वर्षांनी दादा मला भेटायला अमरावतीला आला. केस पांढरे झालेले, रिकामी बाही खिशात खोचलेली. चहा घेतला नाही. खाली बघतच म्हणाला, "विमल, मी नशेत होतो वो तवा. मले समजलं नाही. शांताची माफी मागून झाली. तुले बी लई तरास देल्ला मी. मले माफ करशीन?"

तो रडत होता. दार लोटलेलं होतं, घरात आम्ही दोघंच होतो.

मी म्हणाले, "जाऊ दे दादा. केलं माफ."