कोबीच्या जागी नवलकोल

आत्याला सगळे आत्याच म्हणत. भाच्याची ती आत्या होतीच, पण दूध न्यायला येणारा माणूस, शाळेतली मास्तरीण, पलीकडच्या शेतातला तिच्याच वयाचा म्हातारा, सगळ्यांची ती आत्या. लग्न होऊन सासरी गेली, तिसऱ्या वर्षी ट्रंक घेऊन परत आली, आणि का आलीस म्हणून विचारणाऱ्यांना तिने एकच उत्तर दिलं, "तिथली माती बरी नव्हती." त्यापुढे विचारायची कुणाची टाप नव्हती. या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली.

शेत तिच्या धाकट्या भावाचं. लहानसंच. वरचा तुकडा, खालचा तुकडा, मधे घर आणि घरामागे आत्याची बाग. शेत भाऊचं असलं तरी बी मात्र आत्याचं. कुठलं बी राखायचं, कधी पेरायचं, वाफ्यात किती दाट टाकायचं, रोप कधी उचलायचं, यात भाऊसुद्धा तोंड घालत नसे, आणि बाकी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींत तो तोंड घालायचा. थंडीभर ती छाटलेल्या ओल्या फांद्यांच्या टोपल्या विणायची. उन्हं कोवळी झाली, बांधावरच्या झाडांना कळ्या धरल्या, की टोपली बाजूला टाकून वाफ्यावर जाऊन बसायची.

तर अशा या आत्याला दिसत नव्हतं.

अगदीच नाही, असं नव्हे. उजेड कळायचा, कुणीतरी आलंय हे कळायचं, चालण्यावरून कोण तेही कळायचं. पण अक्षर गेलं होतं, सुईचं नेढं गेलं होतं, पानावरची कीड गेली होती. दोन वर्षांपूर्वी दोरा आणायला जाते असं सांगून ती एकटीच शहरातल्या डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, ही डोळ्याची नसच वाळत चाललीय. गेलं ते परत यायचं नाही. राहिलंय ते औषधाने टिकेल तेवढं टिकेल. आत्याने थेंबांची बाटली फांद्यांच्या मोळीखाली दडवली आणि घरी सांगितलं, "हवा तो दोरा मिळाला नाही."

लपवायचं कशाला, असं तुम्ही म्हणाल. तिच्या आईचे डोळे असेच गेले होते. खालच्या तुकड्याच्या टोकाला पाणी साठवायचं तळं आहे, पुरुषभर खोल, काठ जमिनीला सपाट. सोळा वर्षांपूर्वी, अशाच वसंतातल्या एका सकाळी, आई तिकडे गेली ती परत आली नाही. तेव्हापासून डोळ्यांचा विषय निघाला की भाऊचा चेहराच बदलायचा. मागच्या साली आत्या उंबऱ्याला अडखळली, तर हा जेवता जेवता सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, डोळ्यांचं काही असेल तर आत्ताच सांग. धाकटीकडे जाऊन राहायचं. तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे. या घरात दुसऱ्यांदा तसलं काही मी होऊ देणार नाही."

धाकटी म्हणजे त्यांची शहरातली बहीण. प्रेमळ बाई, पण घरात मातीचा कण दिसला तर झाडू घेऊन धावणारी. आत्या तिथे चार दिवस राहून आली होती आणि चारही दिवस खिडकीतल्या प्लॅस्टिकच्या फुलांवर हात फिरवत बसली होती. ती भाऊला म्हणाली, "माझे डोळे ठीक आहेत. तुझा उंबराच वाकडा आहे." सगळे हसले. आत्याही हसली, पण त्या दिवसापासून ती पावलं मोजून चालू लागली.

बियांचं तिने आधीच बघून ठेवलं होतं. जुन्या चिंध्यांच्या पुरचुंड्या आणि प्रत्येकीच्या दोरीला वेगळ्या गाठी. कोबीला एक, फ्लॉवरला दोन, नवलकोलाला तीन. अंधारातसुद्धा चुकायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग घरात सूनबाई आली.

भाच्याची बायको. लग्नाला सहा महिने झालेले. शिवणकामात पोरीचा हात असा, की जुन्या चादरीची पिशवी केली तर कुणी दुकानातली समजावं. तिने त्या मळक्या, उंदरांनी कुरतडलेल्या पुरचुंड्या पाहिल्या आणि तिला राहवलं नाही. एका दुपारी आत्या फांद्या आणायला गेली असताना हिने चौदा नव्या पिशव्यांत चौदा प्रकारचं बी ओतलं. आधी आठवडाभर खपून प्रत्येक पिशवीवर रंगीत दोऱ्याने नाव भरलं होतं. तोंडाला एकेक बटण. जुन्या चिंध्या चुलीत गेल्या. भलं करायला गेली हो पोरगी!

"आत्या, बघा तरी!" म्हणून तिने सगळ्या पिशव्या आत्याच्या मांडीवर ठेवल्या. भाऊ होता, भाचा होता. आत्याने वरून बोट फिरवलं. दोऱ्याचा फुगवटा लागला, अक्षर लागेना. चौदा पिशव्या आणि चौदा सारखी बटणं.

"सुरेख," ती म्हणाली. "हात आहे हो तुला."

बाकीचं बी तिने बोटांनी ओळखलं असतं. मिरची चपटी, पालक खरखरीत, भोपळा तर कुणीही ओळखेल. पण कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल! तिन्हींचं बी मोहरीसारखं गोल, एका आईची लेकरं. डोळस माणसालाही नाव वाचल्याशिवाय सांगता यायचं नाही. मग विचारायचं होतं ना कुणाला तरी. 'यावर काय लिहिलंय गं?' एवढंच. पण विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला. आत्याने तीन पिशव्या हातात तोलल्या. कोबीचं बी आपण सगळ्यात जास्त धरलं होतं, म्हणजे जड ती कोबीची, असा हिशोब केला आणि वाफ्यात बी टाकलं. गेल्या साली नवलकोलही भरमसाट आला होता, हे तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

रोपं उगवली. झकास उगवली. भाऊने गिरणीच्या खानावळीला कोबी द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून खालचा अख्खा तुकडा एकाच पिकाखाली घातला. चौघांनी तीन दिवस कंबर मोडून लावणी केली. बांधावरची झाडं फुलून झडायला लागली आणि ऊन चटके देऊ लागलं.

महिनाभराने, सकाळच्या वेळी, भाऊ खालून तरातरा वर आला. आत्या ओसरीत टोपली विणत होती. पावलांवरूनच तिला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"हा कोबी?" त्याने मुळासकट उपटलेलं रोप जमिनीवर आपटलं. "हा कोबी आहे? देठ बघा, देठ! लिंबाएवढा फुगलाय. नवलकोल लावलाय आपण, नवलकोल! अख्खा तुकडा! आता ऊन तापलं, पुन्हा कोबी लावला तर गड्डा धरायचा नाही. गिरणीतल्या माणसांना काय रोज नवलकोल चारू?"

भाचा गोठ्यातून बाहेर आला. सूनबाई दारात. आत्याच्या हातातली फांदी तशीच राहिली.

भाऊ सुनेकडे वळला. "पिशव्या कुणी बदलल्या?"

"मी, बाबा. पण मी एकेक पुरचुंडी दाखवून आत्यांना आधी विचारून ठेवलं होतं, कशात काय आहे ते. मग नाव बघूनच..."

"मग नवलकोल काय भुताने पेरला? पस्तीस वर्षं माझी बहीण बी टाकतेय. एकदा चूक झाली नाही तिच्या हातून. एकदा!"

सूनबाई आत धावली. पिशव्यांची पेटी उघडल्याचा आवाज आत्याला ऐकू आला. कोबीची पिशवी भरलेली सापडणार होती आणि नवलकोलाची रिकामी. पोरगी वेडी नव्हती. तिला एका क्षणात कळणार होतं.

सूनबाई बाहेर आली. ती दारातच थांबली. आत्याला तिची नजर दिसली नाही, पण अंगावर जाणवली.

"माझीच चूक झाली, बाबा," ती म्हणाली. "भरताना अदलाबदल झाली."

भाऊच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो काय काय बोलला ते सांगण्यात अर्थ नाही. शेवटी एवढंच, की आजपासून सुनेने बागेत पाऊल टाकायचं नाही आणि बियांना हात लावायचा नाही. भाच्यानेही बापाच्या सुरात सूर मिसळला, "नीट बघायचंस ना गं!" शेळपट कुठला. आणि आत्या? पस्तीस वर्षांत कुणाला न भ्यालेली ती बाई तोंडात मूग धरून बसली. दिवसभर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष शेतात गेल्यावर आतून कात्रीचा बारीक आवाज येऊ लागला. कच, कच. आत्या उठून आत गेली.

"काय करतेस?"

"नावं उसवतेय." पोरीचं नाक चोंदलं होतं. "बाबा म्हणाले, चुकीची नावं घरात नकोत."

"ती बरोबर आहेत. तुला ठाऊक आहे बरोबर आहेत. मग खोटं का बोललीस?"

कात्री थांबली. "तुम्हाला शहरात पाठवतील, आत्या. यांनी सांगितलंय मला सगळं. मला नुसती बोलणी बसतील. बोलणी मी खाईन."

आत्याला आपली लाज वाटली. सहा महिन्यांची सून, परक्या घरातून आलेली, आणि आपण साठी ओलांडलेली म्हातारी तिच्या आडोशाला लपून बसलोय! "ठेव ती कात्री," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

खालच्या तुकड्यापर्यंत दोनशे दहा पावलं. भाऊ तिकडे होता, कुदळीचा आवाज येत होता. आत्या सरीसरीने थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाळ, बी मी पेरलं. चुकीच्या पिशवीतून. नाव लिहिलेलं होतं, मला वाचता आलं नाही. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

कुदळ थांबली. मग तो म्हणाला, "उद्या धाकटीकडे. सामान बांध."

"नाही."

"ताई, वाद घालू नकोस! ते तळं तिथे पन्नास पावलांवर आहे! आईसारखं..."

"आईसारखं काय? आई डोळे गेले म्हणून मेली नाही. त्या काठाला कुंपण नव्हतं म्हणून मेली. ती गेली त्या आठवड्यात तू मला म्हणालास, कुंपण घालतो. सोळा वर्षं झाली, बाळ. तुला बहीण घराबाहेर काढणं सोपं, आणि चार खांब रोवणं जड?" तिचा आवाज चढला. "आता या घरात लेकरू येईल उद्या. रांगेल, चालेल. त्यालाही धाकटीकडे पाठवणार?"

आत्याला वाटलं, आता हा ओरडेल. पण तो सरीतच खाली बसला. ढेकळं दबल्याचा आवाज आला.

"मला त्या काठाकडे बघवत नाही," तो म्हणाला. आवाज ओळखू येईना. "त्या सकाळी मीच तिला सांगितलं होतं. पाण्याची मोटार बंद होती. मी ती खोलून बसलो होतो, हात काळे. म्हटलं, आई, तेवढं बादलीभर पाणी घेऊन ये. तिला दिसत नाही, हे मला माहीत होतं गं. माहीत असून म्हणालो."

सोळा वर्षं आत्या समजत होती, आई आपल्या हट्टाने गेली. तिला राग आला, भयंकर राग, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण समोर बसलेला हा साठीकडे झुकलेला माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. ती जवळ गेली नाही. तिला तेवढं जमलं नाही. पण ती तिथून हललीही नाही.

त्याचं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "खांब तू रोव. मधलं मी विणते. फांद्यांचं विणायला मला डोळे लागत नाहीत."

"हो," तो म्हणाला.

"आणि आधी घरी चल. पोरीची माफी मागायची आहे."

"सुनेची? मी?" सवयीने त्याचा आवाज चढला.

"आधी मी मागणार आहे. मग तू."

भाऊने नाक पुसलं, उठला आणि तिच्यापुढे हात केला. तो हात तिला दिसला नसावा, कारण ती तशीच उभी राहिली. त्याच्या ते लक्षात आलं. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने सांगितलं, "ताई, हात पुढे केलाय मी. धर."