यादीत आई नव्हती

आमच्या गावाहून निघताना दार ओढून घेता येत नाही, कारण दारच नसतं. शिंगणापूरच्या घरांना चौकटी आहेत, पण फळ्या नाहीत. कुत्रं शिरू नये म्हणून कुडाची ताटी आडवी करायची, एवढंच. त्यामुळे मी नगरला बिऱ्हाड करायला निघाले त्या सकाळी, बैलगाडी वळणाला लागेपर्यंत मला आमच्या घरातलं पार मागच्या भिंतीपर्यंतचं दिसत राहिलं. उतरंड, जातं, खुंटीवरचं धुवट लुगडं, आणि चौकटीत उभी आई.

सामान मी मोजून बांधलं होतं. नऊ नग. चार इयत्ता शिकले होते आणि त्या शिक्षणाचा मुख्य उपयोग मी याद्या करायला केला. यजमान लष्कराच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले होते, लढाईचे दिवस होते, खोली मिळाली म्हणून त्यांनी कळवलं होतं. मी गाडीत बसून परत एकदा बोचकी मोजायला लागले तशी आई म्हणाली, "नऊ मोजलीस. आन मला कुटं मोजलंस?"

गाडीवान हसला, मीही हसले. मग तिनं जवळ येऊन सांगितलं, "रोज येक तरी ग्वाड गोस्ट बग. ध्यानात ठेव. भेटशील तवा सांग."

हे काही निघतानाचं बोलणं नव्हतं. आमच्या घरची ती रीतच होती. संध्याकाळी भाकरी थापता थापता आई प्रत्येकाला विचारायची, "आज काय ग्वाड दिसलं?" उत्तर दिल्याशिवाय ताटात भाकरी पडत नसे. वडील होते तेव्हा तेही सांगायचे. एकदा म्हणाले, "बांदावर बसलो आन गार वारं आलं." आई म्हणाली, "कालबी ह्येच सांगितलंत." वडील म्हणाले, "कालबी आलं हुतं!"

घोडेगावाहून मोटार पकडली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीला मागे कोळशाची भट्टी बसवलेली. इमामपूरच्या घाटात ती चढेना, तेव्हा सगळे उतारू खाली उतरून चालले. नगरात पोचले तेव्हा नऊच्या नऊ नग शाबूत होते.

खोली एका लांब इमारतीत होती. एका ओळीत पाच बिऱ्हाडं, पुढे सामाईक ओटा. यजमानांनी मला पहिली वस्तू दाखवली ती दार, आणि दुसरी कुलूप. "इथं शिंगणापूर नाही," ते म्हणाले. "पाणी आणायला गेलीस तरी कुलूप." मी लगेच वहीत यादी केली. चूल विझवणं. दूध झाकणं. कडी. कुलूप. दोनदा ओढून पाहणं. किल्ली पदराच्या गाठीत. रोज बाहेर पडताना मी ही यादी मनात म्हणत असे, आणि आठवड्याभरात हात आपोआप चालायला लागले.

वहीची रीत मी घालून घेतली होती. डाव्या पानावर कामं, उजव्या पानावर आईला सांगायची गोड गोष्ट. डावी पानं भरत गेली. उजवी आठ महिने कोरी राहिली. मी आळशी नव्हते. खरंच काही दिसत नव्हतं. यजमान पहाटे जायचे, अंधारून आल्यावर यायचे. मधल्या वेळात मी आणि चार भिंती.

शेजारी अमीनाबी राहायची. तिच्या घरी हातमाग होता. नवरा मागावर बसायचा, ती ओट्यावर बसून लुगड्यांच्या सुताच्या कांड्या भरायची. पहिल्याच आठवड्यात मी विरजण मागायला तिच्याकडे गेले. आमच्या गावात कोणाकडे गेलं की चौकटीबाहेर उभं राहून हाळी द्यायची, "हाय का कोनी घरात?" आणि आतून उत्तर येईपर्यंत पायरी चढायची नाही. दारावर थाप मारायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिच्या बंद दारासमोर उभी राहून हळू आवाजात हाळी दिली. आत माग खटखटत होता. उत्तर आलं नाही. असं तीनदा झालं. मला वाटलं, या बाईला मी नको आहे. नंतर ती ओट्यावर दिसली तरी मी मान खाली घालून जायला लागले.

तिच्या मनात काय होतं, ते मला नंतर कळलं. ती मला मनातल्या मनात कुलूपवाली म्हणायची. नळावर गेलं तरी कुलूप लावणारी बाई आपल्याला चोर समजते, असं तिचं मत झालं होतं.

जोंधळा घरात आल्यावर आई मला भेटायला आली. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, ती गावात एकटीच राहत होती. येतानाच म्हणाली, "पंदरा दिस ऱ्हाते. जीव रमला तर तुज्याचपाशी." मला काय झालं म्हणून सांगू. तिच्यासाठी कोपरा कुठला, घोंगडी कुठली, तिला सकाळी काय लागतं, सगळ्याच्या याद्या झाल्या. तिनं राहावं, एवढंच मला हवं होतं. आणखी आठ महिने त्या भिंतींशी बोलण्याची माझ्यात ताकद नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रॉकेल आल्याची बातमी लागली. कंट्रोलच्या दुकानाची रांग म्हणजे पळत जावं लागे. आई प्रवासानं अंग दुखतं म्हणून आतल्या कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडली होती. मी डबा उचलला. चूल विझवली, दूध झाकलं, कडी लावली, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली गाठीत बांधली. एकही गोष्ट चुकली नाही. यादी पक्की होती, आणि त्या यादीत आई नव्हती.

रांगेत दोन तास गेले. माझ्या पुढे दोनच बाया उरल्या होत्या. मागची बाई गप्पिष्ट होती. तिनं विचारलं, "घरी कोन हाय गं?"

मी म्हणाले, "कोणी नाही. कुलूप लावून आलेय."

हे शब्द माझ्याच कानांवर पडले आणि घोंगडीखालची आई आठवली. सारा जन्म जी दाराविना राहिली होती, तिला मी कोंडून आले होते. मी रांग सोडली. ती बाई ओरडत होती, "आगं, नंबर आला की!" रिकामा डबा वाजवत मी भर बाजारातून पळत सुटले. आई आता राहत नाही, हे मला पळतानाच कळलं होतं.

ओट्यावर पोचले तर अमीनाबी माझ्या दाराला पाठ टेकून बसली होती, मांडीवर सुताची टोपली घेऊन. दाराकडे मान वळवून ती म्हणत होती, "फिर क्या हुआ, अम्मा? बैल सापडला का?"

आतून आईचा आवाज आला, "सापडंना कसा! आमच्याच परड्यात रवंथ करत बसलेला!"

दोघी खदखदून हसल्या. मधे माझं कुलूप लोंबत होतं.

मला पाहून अमीनाबी उठली. "आली गं अम्मा, तुझी पोरगी." मी किल्ली काढायला गेले, पण घाईत बांधलेली गाठ सुटेना. अमीनाबीनं माझा पदर हातात घेतला. दिवसभर सुताच्या गाठी सोडणारी तिची बोटं, एका झटक्यात किल्ली मोकळी झाली. "रोज इतकी घट्ट बांधतेस व्हय?" ती म्हणाली. माझ्याशी तिनं बोललेलं ते पहिलं वाक्य.

दार उघडलं. मी आईच्या पायांवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "आदी लई भ्याले. खोटं कशाला बोलू? वाटलं, घरानंच धरलं मला. मग हाळी दिली."

गावात बाहेरून द्यायची हाळी तिनं आतून दिली होती. "हाय का कोनी?" आणि तिचा आवाज म्हणजे शेतातून शेतात जाणारा, तो मागाच्या खटखटीलाही पुरून उरला. अमीनाबी कांड्या सोडून आली. कुलूप पाहून तिला सगळं कळलं. ती तिथंच बसली आणि उठलीच नाही.

दाराखाली दोन बोटं फट होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं होतं, "अम्मा, भूक लागली असंल. आमच्या हातचं चालंल का?"

आई म्हणाली होती, "हात कुटं दिसतुया बाय? भाकरच दिसंल." मग दाराखालून कागदावर घडी घातलेली गरम भाकरी आणि चटणी सरकत आत आली होती.

संध्याकाळी यजमान आले, त्यांना सगळं सांगितलं. मी भाकरी थापायला घेतली. आई म्हणाली, "आज मला इचारा की, काय ग्वाड दिसलं."

मी विचारण्याची वाट तिनं पाहिली नाही. तिनंच सांगायला सुरुवात केली. कडीच्या फटीतून जोंधळ्याच्या दाण्याएवढं ऊन आलं, ते घोंगडीवरून चढत चढत हंड्यावर गेलं. माग दमला की थांबतो आणि मग कोणीतरी खोकतं. मोरीपाशी मुंग्यांची रांग आहे, त्यातली एक उलटी जाते आणि सगळ्यांना भेटत जाते. शेजारी लसणाची फोडणी बसली, तिचा वास भिंतीतून आला. "आन दाराखालनं भाकर आली. जल्मात बगितलं न्हाई आसं. गरम हुती गं."

मी वही काढली आणि उजव्या पानावर उतरून घेतलं. पान भरलं. आठ महिने त्याच खोलीत मी राहिले होते. ऊन रोज तिथूनच येत असणार, मुंग्याही तिथंच होत्या. तिला दोन तास पुरले, तेही कोंडलेल्या अवस्थेत.

आई राहिली नाही. पंधरा दिवस पुरे केले, त्यातले निम्मे ओट्यावर अमीनाबीपाशी. जायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, माझ्या चुकीमुळेच चाललीस ना? ती म्हणाली, "व्हय, थोडं त्यानंबी. मला दार सोसंना, बाय. आत बसलं की छातीवर बसल्यागत हुतं. पर आता तू येकली न्हाईस, अमिनाबाय हाय नव्हं." मग माझ्या गाठीतली किल्ली चाचपून म्हणाली, "कुलूप लाव. गाव तसं हाय, लावाया पायजे. पर लावायच्या आदी घरात येक हाळी देत जा."

त्यानंतर चार वर्षांनी ती गावातच वारली, तिच्या उघड्या चौकटीच्या घरात. मी पोचले तेव्हा ताटी बाजूला उभी होती आणि आतलं सगळं लांबूनच दिसत होतं.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. नगरातच आमचं दोन खोल्यांचं घर झालं, वर माळवद आहे, आतूनच जिना. अमीनाबी दोन गल्ल्या पलीकडे राहते. अजून सूत भरते, आणि तिच्याकडे गेले की मी थाप मारायच्या आधी बाहेरून हाळी देते, म्हणजे तिला कळतं कोण आलं ते. गावाकडे येते तेव्हा तुम्ही गावची माणसं विचारता, तिकडं करमतं का? करमतं. वहीचं उजवं पान आता रिकामं राहत नाही. आणि तुमच्यातले जे माझ्यासारखे पुण्या-मुंबईला जाऊन दारांमागे राहतात, त्यांना सांगते, शेजारणीनं उत्तर दिलं नाही तर आवाज थोडा मोठा करून बघा.

माझी यादी आता सात कलमांची आहे. पहिलं कलम हाळी. घर रिकामं आहे हे माहीत असलं तरी चौकटीत उभी राहून मी आत विचारते, "हाय का कोनी घरात?" क्षणभर थांबते, मग कडी. सून नवी होती तेव्हा तोंडाला पदर लावून हसायची. मुलाला म्हणाली होती, सासूबाई भिंतींशी बोलतात. मी समजावलं नाही. तिलाही चार भिंतींचं अजून कळायचं होतं.

परवा मी माळवदावर कुरडया घालत होते. खाली सून बाजाराला निघाली होती, मी वर आहे हे ती विसरली होती. पिशवीचा आवाज आला, चपलांचा आला. मग चपला थांबल्या.

"आहे का कोणी घरात?"

सोऱ्या हातात तसाच राहिला. ती खरंच थांबली होती, उत्तरासाठी.

"आहे गं, आहे!" मी वरून ओरडले. "कुलूप लावू नकोस."

त्या दिवशीच्या उजव्या पानावर एकच ओळ आहे. सुनेनं हाळी दिली.