घेऊन या, आऊट

कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर मी खोटं बोललो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. "दहानंतर माझ्या वायरलेस सेटवर एकही मेसेज आला नाही, सर," असं मी म्हणालो, जबाबाखाली सही केली, सॅल्यूट मारला आणि बाहेर आलो. मेसेज आला होता. मी त्याला उत्तरही दिलं होतं.

मी तेव्हा हवालदार होतो. पोस्टिंग अंदमानातल्या एका लहान बेटावर. माझं गाव चाकणजवळचं. फौजेत येईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. आठवडाभर पीटी, ड्यूटी, रोल कॉल. रविवारी दुपारपर्यंत सुट्टी. मोबाइलला रेंज नाही, बाजार म्हणावा असा बाजार नाही. म्हणून आम्ही किनाऱ्याने चालायला लागलो. पहिल्या रविवारी जेट्टीपासून दीपगृहापर्यंत, चार किलोमीटर. पुढच्या रविवारी कांदळवनाच्या कडेने खाडीपर्यंत. वाटा कुणी आखलेल्या नव्हत्या. आम्हीच झाडांना चुन्याचे पट्टे मारत गेलो. डाव्या हाताला केवड्याची बनं, उजव्या हाताला पाणी. इतकं नितळ, की कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसायची. कॅम्पपासून तासाभराच्या अंतरात एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. महिन्याभरात ते बेट मला घरच्यासारखं झालं.

वाटा शोधायचं वेड लान्स नाईक महादेव खोतचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठचा, वय एकतीस, घरची होडी. ओल्या वाळूकडे बघून तो भरतीची वेळ सांगायचा आणि ती ऑफिसातल्या तक्त्याशी पाच-दहा मिनिटांत जुळायची. रँकने मी मोठा, पण पाण्याजवळ त्याचा हुकूम चालायचा.

"हवालदार, बूट काढा. समुद्र म्हणजे तुमचं भामा आसखेडचं धरण नाय, काठावरून बघायला."

"धरणाला नावं ठेवू नको राव. त्याच पाण्यावर आमचा कांदा हाय."

"तरीच! तुमच्या शेजारी बसलं की डोळ्यांना पाणी येतं."

त्या रविवारी आम्ही चौघे होतो. मी, खोत, शिपाई जाधव आणि शिपाई मोरे. दीपगृहाच्या पुढे एक काळा कडा समुद्रात घुसलेला होता. पायथ्याने फक्त ओहोटीत जाता यायचं. वरून, जंगलातून, दोन तासांचा वळसा. कड्यापलीकडे एक सुंदर पुळण होती. तिथे गोडं पाणी सापडलं तर क्वार्टर्समधल्या कुटुंबांची सहल तिकडे नेऊ, असं साहेब म्हणाले होते. मी अलीकडच्या खडकावर सेट घेऊन थांबलो. खोत दुसरा सेट आणि दोघांना घेऊन निघाला. सेटवर माझं नाव 'वन', त्याचं 'टू'. वेळ आठ चाळीस.

"पाणी नीट बघून ये," मी म्हणालो.

"बघतो. दहाच्या आत परत. साडेदहाला पायथा बुडायला लागेल."

दहा वाजले. कुणी आलं नाही. दहा वीसला सेट खरखरला.

"वन, टू बोलतोय." मग नुसती खरखर. "...पाणी लागलं. थांबू की येऊ? ओव्हर."

आमच्याकडे बोअर घेताना तीनशे फुटांवर माती ओली आली की मशीनवाला ओरडतो, "पाणी लागलं!" मग सगळं घर धावतं, साखर वाटतात. हे शब्द मी लहानपणापासून असेच ऐकलेले. शिवाय पाणी शोधायलाच मी त्याला पाठवलं होतं. मला वाटलं, झरा सापडला.

"घेऊन या. आऊट."

मी म्हणत होतो पाणी, बाटल्यांत भरून. खोतने ऐकलं, जवानांना घेऊन या. तो सांगत होता, पायथ्याला पाणी लागलं. मधला शब्द खरखरीत गेला.

ऐकण्यात चूक होते. ती मी स्वतःला कधीतरी माफ केली असती. पण शंका असेल तर 'से अगेन' म्हणायचं, हे रिक्रूटला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीच शिकवायचो. झरा सापडलेला माणूस थांबू की येऊ असं कशाला विचारेल? घड्याळ माझ्या मनगटावर होतं. मी 'ओव्हर' म्हटलं असतं तर तो पुन्हा बोलला असता. 'आऊट' म्हणजे बोलणं संपलं. खोत शिस्तीचा माणूस. त्याने उलट विचारलं नाही.

बारा मिनिटांनी ते कड्याच्या वळणावर दिसले. कमरेइतक्या पाण्यात. जाधवचा तळपाय प्रवाळाने चिरला होता, त्यामुळेच त्यांना उशीर झाला होता. तो खोतच्या पाठीवर होता. खोतने त्याला एका कपारीवर चढवलं. मग मोरेला खालून खांदा देऊन वर ढकललं. त्यानंतर लाट आली. ती फार मोठीही नव्हती. पाणी मागे हटलं तेव्हा खोत जागेवर नव्हता. मी दोर घेऊन पळत गेलो, टाकला. पकडायला कुणी नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी शोधाच्या बोटीला बॉडी मिळाली.

जाधव आणि मोरेला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. खोत त्यांना एवढंच म्हणाला होता, "चला." त्याचा सेट समुद्रात गेला. इन्क्वायरीत साहेबांनी मला विचारलं, "हवालदार, आपने बुलाया था?"

"नो सर. सेट डेड था."

कागदावर आलं: लान्स नाईक खोतने स्वतःच्या निर्णयाने जवानांना भरतीच्या पाण्यात उतरवलं. एरर ऑफ जजमेंट. मला पुढे नायब सुभेदारी मिळाली.

आता मी निवृत्त आहे. चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर. खोतवहिनी गाव सोडून काळेवाडीत भावाजवळ आल्या. शिवणकाम करतात. मुलगी ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. वर्षातून दोनदा मी त्यांच्याकडे जाऊन येतो. चांगला माणूस म्हणून तिथे मला चहा मिळतो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मायलेकींचं वाजलं होतं. कॉलेजची मुलं कोकणात किनाऱ्याने ट्रेकला निघाली होती.

"आई, फक्त चालायचंय गं. पोहायचं नाहीये."

"तुझा बापूस पण चालायलाच गेलेला."

"बाबांनी आगाऊपणा केला. रिपोर्टात लिहिलंय ना तसं? मी नाही करणार. काका, तुम्ही सांगा हिला."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी कप खाली ठेवला. "भरतीची वेळ बघून जा," म्हणालो. बस.

वहिनी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "भावजी, एक विचारू? ज्याला पाणी एवढं कळायचं, तो नेमका त्या दिवशी कसा चुकला?"

"काय सांगणार, वहिनी," म्हणालो आणि जिना उतरलो.

आगाऊपणा. त्या मुलीच्या तोंडून तो शब्द ऐकल्यापासून मला नीट जेवण जात नाही. ती तेव्हा पाच वर्षांची होती. बापाबद्दल तिला जे ठाऊक आहे, ते मी सांगितलेलं आहे.

लान्स नाईक महादेव खोत चुकला नव्हता. त्याने वेळेवर कळवलं, विचारलं, आणि हुकूम मिळाल्यावर दोन जवान जिवंत परत आणले. जाधवला आज दोन मुलं आहेत. मोरे त्याच्या गावी शेती करतो.

त्याला पाण्यात मी बोलावलं, हे त्याच्या बायकोला आणि मुलीला समोर बसून, आणि युनिटला लेखी सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.