हात लावण्याआधी

बावन्नाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. शर्ट चढवताना हात वर जाईना. डॉक्टरांनी नारायण पेठेतल्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे पाठवलं. बायकोही सोबत आली, कारण घरी व्यायाम तीच करून घेणार होती.

त्या बाई तरुण होत्या. मला खुर्चीत बसवून त्या मागे गेल्या आणि म्हणाल्या, "आता मागून खांद्याला हात लावते. चालेल ना?"

मी "चालेल" म्हणालो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, दुखतंय. मीही तसंच सांगितलं.

मागून कोणी हात ठेवला की मी दचकतो. केस कापून झाल्यावर न्हावी मान चोळायला लागला, की उठून उभा राहतो. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. मुलगी झाली, संसार नीट चालला. पण बायकोने जाता-येता पाठीवर हात ठेवला, तरी मी काहीतरी काम काढून बाजूला व्हायचो. जवळ येणं हे मी कर्तव्यासारखं उरकत आलो होतो.

त्या संध्याकाळी व्यायाम करून घेताना ती म्हणाली, "त्यांना बरं लगेच चालेल म्हणालात. मला तेवीस वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

हे बोलणं अन्यायाचं होतं. म्हणून मग सांगावं लागलं. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांचे एक स्नेही मला चित्रकला शिकवायला घरी यायचे. ते माझ्या मागे बसायचे. पुढचं मी तिला चार वाक्यांत सांगितलं. ते दोन वर्षं चाललं होतं.

ती टॉवेलची घडी घालत होती. "आईंना माहीत होतं?"

"सांगितलं होतं. मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये, म्हणाली."

तिने टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आणि मी समजत होते, मी तुम्हाला आवडत नाही."

त्या गृहस्थांनी माझं काय नेलं, याचा विचार मी पुष्कळ केला होता. तिचंही काही नेलं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

समुपदेशकांकडे जायचं तिनेच ठरवलं. "खांद्याला इलाज चालतो, मग याला का नाही?" समुपदेशकांनी विचारलं, कोणता स्पर्श हवासा वाटेल? नको काय ते मला पाठ होतं. हवं काय, हे सांगायला तीन आठवडे लागले. डोक्याला तेल लावलेलं आवडेल, असं शेवटी म्हणालो.

रविवारी सकाळी तिने खोबरेल कोमट केलं आणि माझ्या समोर स्टूल घेऊन बसली. "लावू?" दोन मिनिटांत मी थांब म्हणालो. "बरं," म्हणाली, हात पुसले आणि शब्दकोडं सोडवायला बसली. रुसली नाही. पुढच्या रविवारी पाच मिनिटं जमलं.

याला आता वर्ष होईल. काही दिवशी अजूनही नको वाटतं. तसं मी सांगतो, आणि ती ऐकते. इतर दिवशी तिच्याजवळ बसावंसं मला आपणहून वाटतं. परवा ती म्हणाली, "आज माझ्या डोक्याला लावून द्या." मला ते अजिबात येत नाही. अर्धं तेल तिच्या कानात गेलं आणि ती एवढी हसली, की मलाही हसू आवरेना.