प्रश्नचिन्हापुढचा नंबर

लातूरच्या एका क्लासच्या वेबसाइटचं काम मी बघायचो, तेव्हाची गोष्ट. बारावीनंतरच्या मोफत बॅचसाठी परीक्षा झाली होती. प्रत्येकाला एसएमएसनं निकालाच्या पानाचा वेब-पत्ता गेला. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढं ज्याचा त्याचा परीक्षेचा नंबर. तो नंबर वाचून घ्यायला मी एक प्लगिन, म्हणजे आयता छोटा प्रोग्राम, जोडला होता. पत्त्यात नंबर सापडलाच नाही, तर आपण आधी भरून ठेवलेला नंबर तो धरायचा. तपासणीपुरता मी एक खोटा नंबर भरला होता, निवड न झालेला. काढू काढू म्हणत तो तसाच राहिला. आळस, दुसरं काय! पानावर नाव-नंबर दिसायचा नाही, निवड झाली की नाही तेवढंच.

परीक्षेला माझी भाचीही बसली होती. भूकंपात माझी बहीण गेली, तेव्हा ही वर्षाची. दाजींनी तिला नायगावला वाढवली. त्यांनी आधीच बजावलं होतं, मोफत नंबर लागला तर शीक, न्हाईतर स्थळ तयार हाय.

निवड झालेल्यांच्या यादीत ती दिसली आणि मी ऑफिसात एकटाच रडलो. फोन मात्र केला नाही. म्हटलं, तिच्याच तोंडून ऐकू. चार दिवस वाट बघून राहिलो. पाचव्या दिवशी दाजींचा फोन आला, सुपारी फुटली म्हणून.

मिळेल ती बस धरून नायगाव गाठलं. तिनं पत्ता कागदावर लिहून नेटकॅफेत नेला होता. कॅफेवाल्यानं प्रश्नचिन्हापर्यंतच टाइप केला, आणि पानानं माझ्या खोट्या नंबरचा निकाल दाखवला. पुढचं काई लागत न्हाई, असं तो सगळ्यांनाच सांगायचा. लांबलचक पत्ता दिसला की आमच्याकडं अशीच छाटाछाट चालायची. मला हे ठाऊक होतं. तरी माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती, देव जाणे.

दाजींपुढं हात जोडले. ते म्हणाले, शब्द दिलाय, आता चार लोकांत तोंड कसं दाखवू? त्यांच्यापुढं माझं काही चाललं नाही.

भाची ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. माझा माझ्यावरचाच राग मी तिच्यावर काढला. एक फोन करता आला नाही का, म्हणून ओरडलो. तिनं सूप खाली ठेवलं.

"मामा, ते पान तूच केल्तास नं? मंग मी अजून कुणाला इचारायचं?"