दोर मालकाचा

माझ्या एकाही पेशंटनं आजवर माझ्याबद्दल तक्रार केलेली नाही. असं छातीठोकपणे सांगणारा दुसरा डॉक्टर असेल तर दाखवा. पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर मी विकृतिशास्त्राची रेसिडेन्सी धरली. म्हणजे मेलेलं जनावर उघडायचं, आतलं सगळं बघायचं, तुकडे काढून फॉर्मालिनमध्ये घालायचे, त्यांच्या काचपट्ट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडायचे आणि ते कशानं मेलं हे सांगायचं. माझ्याबरोबरच्या मुलींनी कुत्र्या-मांजरांचे दवाखाने टाकले, त्यांच्या अंगाला शाम्पूचा वास येतो. माझ्या अंगाला कशाचा येतो ते मला एका रिक्षावाल्यामुळे कळलं. उस्मानपुऱ्याला घरी चालले होते. तो सारखा नाक ओढत होता. शेवटी बिचारा ओशाळून म्हणाला, "माफ करना मॅडम, रिक्षे में किधर तो भी चूहा मरेला है." मी मोठ्या मनानं म्हटलं, "होता है, भैया."

त्या दिवसापासून आईनं मोहीम उघडली. बेसन, लिंबू, शिकेकाई, कॉफीची पूड, जे मिळेल ते माझ्या अंगाला चोळून झालं. कपडे बाल्कनीत वेगळ्या बादलीत. आईचं म्हणणं एकच, "जग काय म्हणेल ते म्हणू दे. आबांना कळता कामा नये."

आबा म्हणजे माझे आजोबा. सोयगावाकडच्या आमच्या गावात राहतात, नव्वदीकडे झुकलेत आणि शहरात यायचं नाव काढत नाहीत. नात जनावरांची डॉक्टर झाली हे त्यांनी विहारात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर सगळीकडे सांगून ठेवलंय. कसली डॉक्टर, हे घरात कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना दुखवायची छाती आमच्यापैकी कोणाला नव्हती.

कारण आबांची गोष्ट आम्हाला पाठ होती. गावात कोणाचंही ढोर मेलं की ते ओढून नेण्याचा हुकूम आमच्या वस्तीला यायचा. ओढायचं, सोलायचं, कातडं मालकाला द्यायचं, आणि त्याबद्दल कोणी उपकार मानायची पद्धत नव्हती. धर्मांतर झालं त्या सुमाराला आबा मिसरूड फुटलेलं पोर होते. वस्तीनं ठरवलं, आता बास. आबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ढोरं ओढायचा दोर गुंडाळला, पाटलांच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि पाठ फिरवून परत आले. गावानं दुकान बंद केलं, पाणी बंद केलं, मजुरी बंद केली. वस्ती हटली नाही. "आपल्या घरातला हात आता मेलेल्या ढोराला लागायचा नाय," असं आबा म्हणाले होते, आणि गोष्ट दर वेळी याच वाक्यावर संपायची. मग आम्ही टाळ्या वाजवायचो. लहानपणी मी सगळ्यात जोरात वाजवायचे.

आणि आता त्यांच्या लाडक्या नातीचा हात कोपरापर्यंत मेलेल्या ढोरात. हाताला दुसरं काम नाही.

फोनवर आबा विचारायचे, "आज किती जनावरं आली गं?" मी म्हणायचे, "तीन." "तकलीफ दिली का?" "अजिबात नाही, आबा. एकदम शांत होती." आई शेजारून कपाळाला हात लावायची. एकही शब्द खोटा नव्हता. आबांना कळलं तर ते रागावतील याची मला भीती नव्हती. ते गप्प बसतील आणि परत ती गोष्ट सांगणार नाहीत, याची होती.

आमच्या प्रयोगशाळेत दोन नियम. दोन्ही आमच्या विभागप्रमुख सरांचे. पहिला, आधी वर्णन, मग नाव. जनावर उघडल्यावर "हा क्षय आहे" म्हणणाऱ्याला सर उभं राहू देत नसत. रंग सांग, आकार सांग, बोटाला कसं लागतं ते सांग, रोगाचं नाव सगळ्यात शेवटी. पुस्तकात 'अमक्या चीजसारखं' अशी सगळी वर्णनं विलायती खाण्यापिण्यावरून, जे आमच्यापैकी कोणी चाखलं नव्हतं. म्हणून आम्ही आपली करून घेतली होती. कुठं खरवस, कुठं शिळं पिठलं. माझ्यामुळे आईनं पिठलं करायचं सोडलं. सुऱ्यांना धार लावायला मी शहागंजात जायचे, तिथला म्हातारा दर वेळी विचारायचा, "होटल किधर है आपका?" एकदा सांगावंसं वाटलं होतं, पण त्याचं जेवण व्हायचं होतं.

दुसरा नियम, जनावर मालकाचं तर दोरही मालकाचा. म्हणजे बाहेर गावी शवविच्छेदनाला गेलं की जनावर ओढायचं, उलटं करायचं, पाय धरायचे, खड्ड्यात लोटायचं, हे सगळं मालकाच्या घरच्यांनी करायचं. यामागं काही मोठा विचार होता असं समजू नका. सरांच्या कमरेचा मणका सरकलेला होता. आपण एकदा हात लावला की शिंग मोडल्यापासून कातडं फाटल्यापर्यंत सगळं आपल्या माथी येतं, असंही ते म्हणत. पण मूळ कारण मणकाच.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी सरांनी गाडीची किल्ली खुळखुळवत सांगितलं, "म्हैस मेलीय. दुसरीनं वैरण सोडलीय. साथ आहे की काय म्हणून गाव घाबरलंय. चल." गावाचं नाव त्यांनी सांगितलं. आमचंच गाव. मी म्हटलं, "सर, माझ्या काचपट्ट्या राहिल्यात." सर म्हणाले, "काचपट्ट्या कुठं पळतात?" मी म्हटलं, "सर, पोट दुखतंय." सर म्हणाले, "तुझंच गाव ना? मग रस्ता विचारावा लागणार नाही." चोरी पकडली जाणार हे नक्की झाल्यावर माणूस शांत होतो म्हणतात. साफ खोटं आहे. घाट उतरेपर्यंत मी दोन बाटल्या पाणी प्यायले.

म्हैस पाटलांचीच. ज्यांच्या ओट्यावर आबांनी दोर ठेवला होता, त्यांचा हा नातू. साठीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, गोठ्यासमोर वैरण कापायच्या कुट्टीच्या मशीनवर त्याच्याच वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फ्लेक्स, वाऱ्यानं एका बाजूनं फाटलेला. फ्लेक्समध्ये हसत होता, खाली रडकुंडीला आला होता. जीव लावलेली म्हैस होती.

मी म्हशीच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, असेल तर जनावर उघडायचंच नसतं, जंतू पसरतात. सरांनी गाडीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून मान हलवली. उघडायला हरकत नव्हती. "गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब न्या," सर म्हणाले.

पाटील गड्याकडे वळले आणि अगदी सहज म्हणाले, "वस्तीवरनं दोघं जण बोलवून आण रं."

त्यांनी ते वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं. गळकी तोटी दिसल्यावर प्लंबरला बोलवा म्हणावं तसं म्हटलं. पण माझं डोकं फिरलं. माझ्या डोक्याला फिरायला तसंही फार लागत नाही. मी म्हटलं, "वस्तीवर जायचं कारण नाही. नियम आहे. जनावर मालकाचं, दोरही मालकाचा. तुम्ही आहात, दोन मुलं आहेत."

"मॅडम, आमी कधी हे..."

"मी शिकवते. हातमोजे घाला."

पाटलांनी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. "नियम आहे खरा," ते म्हणाले.

मग पाटलांच्या दोन पोरांनी म्हशीच्या पायांना दोर बांधला. एकाची गाठ दोनदा सुटली. ओढत बांधापर्यंत नेईस्तोवर दोघांचे शर्ट पाठीला चिकटले. पाटलांना मी मागचा पाय धरायला सांगितला. "वर धरा. अजून वर. सोडू नका." ते सोडत नव्हते. मी सुरी चालवली. आणि कोपरापर्यंत आत गेल्यावर मान वर केली, तर समोर लिंबाखाली आबा.

कोणीतरी वस्तीवर वर्दी दिली असणार, नात आलीय म्हणून. पांढरं धोतर, हातात काठी. हात मागं घेता येत नव्हता, तोंड लपवता येत नव्हतं. आबा माझ्याकडे बघत नव्हते. दोराकडे बघत होते.

"हं, वर्णन," सर मागून म्हणाले.

सवयीनं जीभ चालली. हृदयाभोवतीची पिशवी जाड, राखाडी. आत घाण वासाचा पू. आतलं अस्तर खडबडीत, लोणी लावलेल्या दोन भाकऱ्या एकमेकींवर दाबून ओढून काढाव्या तसं. पिशवीतून श्वासपटलात आणि तिथून पोटाच्या जाळीदार कप्प्यात गेलेलं भोक. भोकात बोटाएवढी गंजलेली तार, टोकाला पीळ दिलेली. ढोरं वैरण न चावताच गिळतात, तार पोटात जाते आणि पोटाच्या हालचालीनं पुढं सरकत थेट हृदयात घुसते. मी तार उचलून धरली. पाटलांनी ती पाहिली, मग मान हळूच वर करून कुट्टीच्या मशीनवरच्या फ्लेक्सकडे पाहिलं. फाटलेल्या बाजूला तशीच तार लोंबत होती. मी अर्थातच काही म्हटलं नाही. आमच्यात नाव शेवटी घेतात.

साथ नव्हती. दुसऱ्या म्हशीला सरांनी तपासलं आणि पोटात तार असेल तर धरून ठेवायला चुंबक गिळायला घातलं. पाटील पुन्हा पुन्हा "मॅडम, मॅडम" करत होते आणि त्यांची पोरं बांधाजवळ खणलेल्या खड्ड्यात म्हैस लोटत होती.

हात धुऊन मी आबांसमोर गेले. भाषण तयार होतं, ते सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "आबा, मी सांगणारच होते."

"काय सांगनार व्हतीस? मला पयल्या दिवाळीलाच कळलं. पाया पडायला वाकलीस तवा."

"कसं?"

"वास कापडातनं जातो गं. केसातनं नाय जात. माज्या आईच्या केसात व्हता."

मला रडू आलं. धुतलेल्या हातांनाही वास होता, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. "मग विचारलं का नाही?"

"इचारून काय? तू लाडाची, कायबी सांगितलं असतंस. दोर कोन वढतं, त्येवढं मला माज्या डोळ्यानं बघायचं व्हतं." मग खड्ड्याकडे बघत, "कातडं कोन नेनार?"

"कोणी नाही. सगळं खड्ड्यात. वरून चुना."

"व्हय?"

"व्हय, आबा. नियम आहे."

आबा काठी टेकत खड्ड्यापाशी गेले. पाटलांचा मोठा मुलगा घामाघूम होऊन चुन्याचं पोतं रिकामं करून आता सुटलो अशा आविर्भावात उभा राहिला होता. आबांनी वाकून खड्ड्यात पाहिलं, पाटलांकडे पाहिलं, आणि काठीनं कोपरा दाखवला.

"हिकडं कमी पडलाय," ते म्हणाले. "अजून टाक. मॅडम थांबल्यात."

त्यानं दुसरं पोतं फोडलं.