नळाचा दाब मोठ्यानं वाचताना

कोपरला खाडीकडच्या आमच्या गल्लीत वरच्या घरांना पाणी चढत नव्हतं, म्हणून मी पत्रक काढलं. कॉलेजपासून तेच करत आलेय. प्लंबरकाकांकडून नळाला दाब मोजायचं मीटर लावून घेतलं, आकडा टिपला आणि ठळक छापला: दाब ०.३ kg/cm², पाहिजे ०.७. इंग्रजी खुणेमुळे पत्रकाला वजन येतं, असं मला वाटलेलं.

आमच्याकडे पत्रक कुणी एकट्यानं वाचत नाही. नळापाशी एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीच्या कळशा घासता घासता ऐकतात. त्या सकाळी शेजारची दहावीतली मुलगी वाचत होती. "दाब शून्य पूर्णांक तीन," म्हणाली आणि थेट 'पाहिजे'वर उतरली.

"काय गो, मधीच काय गिललंस?" मासळी विकणाऱ्या मावशीनं पकडलं.

मुलीनं पत्रक माझ्यापुढे धरलं. "ताई, तूच वाच."

"केजी... स्लॅश... सीएम टू."

"मंजे काय?"

मला सांगता येईना. मीच छापलेलं, मलाच वाचता येईना. आधी स्वतःचा राग आला, मग शाळेचा. असल्या खुणा आमच्याकडून वहीभर उतरवून घेतल्या, एकदाही तोंडानं म्हणवून घेतल्या नाहीत. पेपरात मार्क मिळाले, विषय संपला.

घरी फोनवर उच्चार ऐकत बसले. इंग्रजीत ही अक्षरं सुटी वाचत नाहीत. लिहायचं आखूड, बोलायचं पूर्ण: किलोग्रॅम्स पर स्क्वेअर सेंटिमीटर. तिरकी रेघ म्हणजे 'पर'. वरचा दोन लिहिताना शेवटी, बोलताना मात्र 'स्क्वेअर' सेंटिमीटरच्या आधी. kg ला लिहिताना एस लागत नाही, बोलताना लागतो. भाकरी थापणाऱ्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी ते म्हणत राहिले.

प्लंबरकाकांना सांगितलं तर ते हसले. "एवढं कोण बोलतं? आम्ही नुसतं किलो म्हणतो. तुमच्या नळाला तीनशे ग्रॅम प्रेशर आहे."

हे नळापाशी सांगितल्यावर मावशीचा हात कळशीवर थांबला. "सातशे ग्राम पायजे न तीनशेच येतंय? मी असं तोललं तं गिऱ्हाईक माजी पाटी उलटी करंल."

जे माझ्या पत्रकाला जमलं नाही ते त्या वाक्यानं केलं. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली पाणीखात्याच्या ऑफिसात होती.

पत्रकातलाच मजकूर असलेला आमचा अर्ज इंजिनियर साहेबांनी वाचला आणि त्या खुणेवर पेन टेकवलं. "मॅडम, हे युनिट वाचता तरी येतं का?"

"किलोग्रॅम्स पर स्क्वेअर सेंटिमीटर." अडखळले नाही. पण तिथेच विचारलं, "आणि वाचता आलं नसतं, तर पाणी पुरेसं येतंय असं धरलं असतं का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मावशी पुढे सरकली. "सायब, आमचं सातशे ग्राम हाय. येतंय तीनशे. येऊन बगा."

"माणूस पाठवतो."

"माणूस मागेही पाठवला होतात, नुसता बघून गेला," मी म्हटलं. "तुम्ही या."

आले. गल्लीच्या तोंडाशी, नळाशेजारीच, व्हॉल्व्ह अर्धवट बंद निघाला. सोबतच्या चावीवाल्यानं चावी फिरवली. मीटरचा काटा हलला, ०.५ वर, म्हणजे पाचशे ग्रॅमवर जाऊन थांबला. सगळ्यात वरच्या घरात, तान्हं बाळ असलेल्या बाईच्या नळाला, करंगळीएवढी धार आली.

"झालं की," साहेब म्हणाले.

मुलीनं काटा मोठ्यानं वाचला. मधलं काही न गिळता, पूर्ण. मावशीनं रिकामी कळशी गल्लीतल्या नळाखाली लावली आणि तिथेच बसली.

"दोनशे ग्राम बाकी हाय, सायब."

कुणी उठलं नाही. मीही नाही. साहेबांनी चावीवाल्याकडे पाहिलं, आणि त्यानं चावी पुन्हा व्हॉल्व्हवर चढवली.